मोटोजीपीचे तीन दिवस कसे बघायचे: नजर पहिल्या नंबरावर नको, पुढच्या टायरवर ठेवा

मोटोजीपी म्हणजे मोटरसायकलींची विश्व अजिंक्यपद मालिका. तिची रविवारची शर्यत साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची असते. नुसती तेवढीच बघितली तर हल्ली ती बऱ्याचदा कंटाळवाणी वाटते. पहिल्या दोन लॅपमध्ये (ट्रॅकच्या फेऱ्यांमध्ये) रांग लागते आणि शेवटपर्यंत तशीच पळते. ही तक्रार खोटी नाही. पण रांग का लागली, ती कुठे तुटेल आणि कोण मुद्दाम मागे थांबलाय हे कळायला लागलं की तीच शर्यत स्वस्थ बसू देत नाही. याची बहुतेक उत्तरं पुढच्या टायरमध्ये असतात. म्हणून तिन्ही दिवस त्याच्या मागावर राहायचं. नाव, पगार, हेल्मेटचा नवा रंग, पत्रकार परिषदेतली गोड भाषा, हे सगळं बाजूला ठेवा.

तयारी फार नाही. मोठ्या स्क्रीनवर प्रक्षेपण, फोनवर अधिकृत लाइव्ह टायमिंग, शेजारी कागद-पेन. टायमिंगमध्ये प्रत्येक लॅपचे चार सेक्टर, म्हणजे भाग दिसतात. लाल म्हणजे त्या सेक्टरमधली सगळ्यांत वेगवान वेळ, केशरी म्हणजे त्या रायडरची स्वतःची सर्वोत्तम वेळ. फॉर्म्युला वनची सवय असेल तर जांभळा रंग शोधत बसाल, इथे तो नाही. एक गोष्ट आधीच तपासून ठेवा: इंटरनेटवरचं चित्र टायमिंगच्या काही सेकंद मागे असतं. त्यामुळे क्वालिफायिंगच्या (सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या फेरीच्या) शेवटच्या दोन मिनिटांत आणि शर्यतीच्या शेवटच्या लॅपला फोन पालथा ठेवा, नाहीतर निकाल आधी कळतो आणि चित्र नंतर येतं.

शुक्रवार: सकाळ सोडा, दुपार सोडू नका

सकाळचं पहिलं सत्र ४५ मिनिटांचं. त्याच्या निकालावर काहीच ठरत नाही. ट्रॅकवर धूळ असते, टीम गिअरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स जुळवत असतात. झोप प्यारी असेल तर खुशाल झोपा.

दुपारची ६० मिनिटांची ‘प्रॅक्टिस’ मात्र पूर्ण बघा. इथले पहिले दहा रायडर थेट क्यू२ मध्ये, म्हणजे क्वालिफायिंगच्या वरच्या टप्प्यात जातात. उरलेल्यांना शनिवारी आधी क्यू१ या खालच्या टप्प्यात झगडावं लागतं आणि तिथून फक्त दोघे वर येतात. या तासाचे सरळ दोन भाग पडतात. पहिली साधारण चाळीस मिनिटं शर्यतीच्या वेगाची चाचणी, शेवटची पंधरा-वीस मिनिटं नवे सॉफ्ट (मऊ रबराचे) टायर लावून एका लॅपचा हल्ला. मथळे दुसऱ्या भागाचे होतात. रविवारचं उत्तर पहिल्या भागात असतं.

ते असं काढा. टायमिंगमध्ये रायडरचे टायर किती लॅप वापरलेले आहेत ते बघा. एकाच टायरवर सलग सहा-सात लॅप काढणारे तीन-चार जण निवडा. पिटमधून (टीमच्या गॅरेजमधून) बाहेर पडायचा आणि आत यायचा लॅप सोडा. गर्दीत अडकलेला किंवा पिवळ्या (पुढे धोका आहे सांगणाऱ्या) झेंड्यामुळे हळू झालेला लॅपही सोडा. उरलेल्या वेळा ओळीने लिहा आणि दर लॅपला किती घसरण होतेय ते बघा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ रायडर १ मिनिट ३२.० सेकंदांनी सुरुवात करतो आणि दर लॅपला ०.०२ सेकंद हळू होतो. ‘ब’ १ मिनिट ३१.७ ने सुरुवात करतो, पण दर लॅपला ०.०६ गमावतो. आठव्या लॅपपर्यंत ‘ब’ची आघाडी १.२८ सेकंदांपर्यंत वाढते. नवव्या लॅपपासून ‘अ’ जास्त वेगवान होतो आणि सोळाव्या लॅपच्या शेवटी दोघे बरोबरीत येतात. म्हणजे शनिवारची १२ लॅपची छोटी शर्यत, स्प्रिंट, ‘ब’ जवळपास एका सेकंदाने जिंकेल आणि २४ लॅपची शर्यत ‘अ’ पावणेचार सेकंदांच्या वर फरकाने. शुक्रवारच्या तक्त्यात मात्र ‘ब’ वर दिसणार आणि सगळे त्याच्याबद्दलच बोलणार.

या हिशेबात दोन ठिकाणी चूक होते. तुलना एकाच कंपाउंडच्या (रबराच्या प्रकाराच्या) टायरची हवी. मीडियमवरचा रायडर सॉफ्टवाल्यापेक्षा हळू दिसला म्हणून त्याला मोडीत काढू नका. आणि एकटा पळणारा व कुणाच्या मागे पळणारा, यांच्या वेळा एकमेकींशी लावू नका. ते का, ते पुढे येतंच.

शनिवार: पोलची किंमत आणि पिवळ्या झेंड्याचा जुगार

सकाळी ३० मिनिटांचं एक सत्र, मग क्यू१ आणि क्यू२, प्रत्येकी १५ मिनिटं. एवढ्या वेळात साधारण दोनच दमदार प्रयत्न होतात, मध्ये टायर बदलायला पिटमध्ये यावं लागतं. इथला सगळ्यांत क्रूर नियम पिवळ्या झेंड्याचा. ज्या भागात तो दाखवला जातोय तिथून गेलात तर तो लॅप रद्द. दुसऱ्याच्या पडण्याने तुमचा पोल (सुरुवातीची पहिली जागा) जातो. म्हणून हुशार रायडर पहिल्याच प्रयत्नात एक सुरक्षित वेळ नोंदवून ठेवतात. शेवटच्या मिनिटावर सगळं सोडणाऱ्याचा हिशेब चुकला असं समजा, मग तो कितीही मोठा असो.

याच वेळी काही जण रेंगाळत कुणा वेगवान रायडरची वाट बघताना दिसतील. पुढच्याच्या मागे हवेचा अडथळा कमी होतो आणि ब्रेक कुठे लावायचा याची आयती खूण मिळते. मागे लागणं नियमात बसतं. रेसिंग लाइनवर हळू चालवून दुसऱ्याला धोक्यात घालणं बसत नाही, त्याला शिक्षा आहे आणि ती व्हायलाच हवी. विश्वविजेत्याने केलं तर त्याला डावपेच म्हणायचं आणि नवख्याने केलं तर बेशिस्त, हा दुटप्पीपणा चाहत्यांनी तरी सोडावा.

क्यू२ मधला क्रम स्प्रिंट आणि रविवार दोन्हीकडे चालतो. स्प्रिंटच्या निकालाने रविवारची जागा बदलत नाही. स्प्रिंट निम्म्या अंतराची. पहिल्या नऊ जणांना १२, ९, ७, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण मिळतात. रविवारी पहिल्या पंधरांना गुण मिळतात, विजेत्याला २५. स्प्रिंटला १२ लिटर इंधन, रविवारी २२, ही मर्यादा २०२६ च्या हंगामापर्यंतची. स्प्रिंटमध्ये टायर जपायचं कारण नसतं, त्यामुळे ती सरळ मारामारी असते. तीतून रविवारचा विजेता ओळखायला जाऊ नका. एवढंच बघा की शेवटच्या तीन लॅपमध्ये कुणाचं मागचं चाक वळणातून बाहेर पडताना जास्त फिरतंय.

रविवार: पुढच्या टायरचा दाब

हा भाग नीट समजून घ्या, बाकी सगळं यावर उभं आहे.

मिशलिनच्या पुढच्या स्लिक (कोरड्या ट्रॅकच्या, खाचा नसलेल्या) टायरला १.८ बार दाबाची किमान मर्यादा आहे. २०२४ पासून नियम असा: रविवारच्या शर्यतीत किमान ६० टक्के लॅप आणि स्प्रिंटमध्ये ३० टक्के लॅप दाब या मर्यादेच्या वर हवा. नसेल तर रविवारी १६ सेकंद, स्प्रिंटला ८ सेकंद एकूण वेळेत वाढतात.

अडचण अशी की दाब थंड टायरमध्ये भरायचा असतो आणि तो पळताना किती चढेल ते तुम्ही कुठे पळता यावर ठरतं. पुढे मोकळ्या हवेत असाल तर टायर थंड राहतं, दाब कमी राहतो. दोन-तीन बाइकच्या मागे अडकलात तर त्यांची गरम हवा अंगावर येते. शिवाय हवेचा अडथळा कमी असल्याने वेग कमी करायचं जास्त काम ब्रेक आणि पुढच्या टायरवर पडतं. दाब चढत जातो, टायर फुगीर होतं, रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो आणि ब्रेक लावताना पुढचं चाक लॉक व्हायला लागतं. म्हणजे आपला रायडर पुढे असेल की गर्दीत, याचा अंदाज टीमला शर्यतीआधीच बांधावा लागतो. अंदाज चुकला की एकतर शिक्षा नाहीतर पडझड. रांग लागण्यामागचं एक मोठं कारण हेच.

२ मार्च २०२५, थायलंडमधलं बुरीराम. मार्क मार्केझ पहिल्यापासून पुढे होता. सातव्या लॅपला त्याने अचानक वेग सोडला आणि भाऊ अ‍ॅलेक्सला पुढे जाऊ दिलं. बाइक बिघडली असंच वाटत होतं. खरं कारण दाब: मोकळ्या हवेत तो मर्यादेखाली होता. मग अ‍ॅलेक्सच्या मागे राहून त्याने दाब वर ठेवला, तीन लॅप उरले असताना त्याला मागे टाकलं आणि शर्यत जिंकली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कतारला माव्हेरिक विन्यालेस दुसरा आला आणि १६ सेकंदांच्या शिक्षेने चौदाव्या जागी गेला. जिंकायचा वेग दोघांकडेही होता.

हे पडद्यावर ओळखायचं कसं? सरळ रस्त्यावर मागचा रायडर पुढच्याच्या बरोबर पाठीमागे न राहता उगाच एका बाजूला सरकलेला दिसेल. ओव्हरटेकचा इरादा नसतो, तो पुढच्या टायरला थंड हवा देतोय. दोन-तीन लॅप हे चाललं आणि तरी ब्रेकिंगला तो रुंद जायला लागला, तर त्याचं टायर तापलंय. लवकरच तो सेकंदभर अंतर सोडेल. त्याला ‘दम संपला’ म्हणू नका. टायर थंड झालं की चार-पाच लॅपनंतर तो परत येऊ शकतो. उलट पुढे एकटा असलेला रायडर डॅशबोर्डकडे पुन्हा पुन्हा बघत असेल, तर त्याला दाबाची सूचना येत असण्याची शक्यता मोठी.

सुरुवात बघताना नजर दिव्यांवर नको, बाइकच्या उंचीवर ठेवा. होलशॉट डिव्हाइसने बाइक खाली बसवलेली असते, म्हणजे पुढचं चाक उचलत नाही. लाल दिवे लागल्यावर दोन ते पाच सेकंदांत विझतात. पहिल्या वळणाला जोरात ब्रेक लागला की डिव्हाइस सुटतं. ते सुटलं नाही तर बाइक खाली बसलेलीच राहते, नीट वळत नाही, आणि तो रायडर दोन-तीन वळणांत आठ जागा गमावतो. २०२७ पासून ही सगळी डिव्हाइस बंद होतायत. इंजिन १००० ऐवजी ८५० सीसीचं होईल आणि टायर पिरेलीचे. तेव्हा इथले आकडे पुन्हा तपासावे लागतील.

शिक्षांपैकी लाँग लॅप महत्त्वाची. वळणाच्या बाहेर आखलेल्या लांब वाटेने एकदा जायचं, दोन-तीन सेकंद जातात. कर्बच्या (ट्रॅकच्या रंगीत कडेच्या) बाहेरच्या हिरव्या पट्ट्यावर तिसऱ्यांदा गेलं की ताकीद, पाचव्यांदा लाँग लॅप. शेवटच्या लॅपला गेलं तर सहसा एक जागा खाली. वेळेआधी सुटलं तर दोन लाँग लॅप.

पाऊस आला तर

पांढरा झेंडा म्हणजे बाइक बदलायला परवानगी. प्रत्येकाची दुसरी बाइक पिटमध्ये वेगळ्या टायरवर तयार असते. पिटलेनमध्ये वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर. ट्रॅक सुकत असेल तर सरळ रस्त्यावर बघा: रायडर मुद्दाम ओल्या पट्ट्यावरून जाऊ लागले की वेट (पावसाळी) टायर जास्त तापलेत आणि बदलायची वेळ जवळ आलीय. टायरचा निर्णय ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगांत) तीन मिनिटं उरल्याची पाटी दिसायच्या आधी घ्यावा लागतो, नंतर बदललं तर शिक्षा. अमेरिकेत ऑस्टिनला ३० मार्च २०२५ रोजी याच वेळेला मार्क मार्केझ ग्रिडवरून धावत सुटला, मागोमाग बरेच जण गेले आणि सुरुवात पुढे ढकलावी लागली. म्हणून आभाळ भरलेलं असेल तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत पडद्यासमोरून उठू नका.

प्रत्यक्ष ट्रॅकवर जाणार असाल

मुख्य सरळ रस्त्यासमोरचं महाग तिकीट घेऊ नका. इटलीतल्या मुजेल्लोला ब्रॅड बाइंडरने २०२३ मध्ये ताशी ३६६.१ किलोमीटर गाठले. त्या वेगाची बाइक समोरून जाते तेव्हा डोळ्याला फक्त रंगाचा पट्टा दिसतो. जोरात ब्रेक लागतो ते वळण निवडा, शक्यतो आतल्या बाजूने थोडं उंचावर. तिथे मागचं चाक हवेत उचललेलं, आतला पाय लोंबकळता आणि पुढचा फोर्क पूर्ण दबलेला दिसतो. दुसरी चांगली जागा म्हणजे एकाच दिशेच्या अनेक वळणांनंतर येणारं उलट वळण. जर्मनीतल्या जाक्सनरिंगला सलग सात डावी वळणं झाली की अकरावं उजवं येतं, तेही उतारावर आणि वेगात. तोवर टायरची उजवी बाजू थंड पडलेली असते, म्हणून तिथे रायडर इशारा न देता पडतात. दुर्बीण, कानात घालायचे प्लग आणि फोनवर टायमिंग, एवढं पुरे.

शर्यत संपल्यावर पोडियम बघा, पण निकाल वहीत लिहू नका. अंतिम तक्ता यायची वाट बघा. २०२४ मध्ये स्पेनमधल्या हेरेझच्या स्प्रिंटला फाबिओ क्वार्तारारो तिसरा आला होता. दाबाच्या शिक्षेनंतर ती जागा दानी पेद्रोसाला मिळाली. मग स्टुअर्ड्सचे (शर्यतीच्या पंचांचे) निर्णय वाचा. पुढच्या शर्यतीत लाँग लॅप कुणाला भोगायचाय ते त्यातच असतं. ते नाव पुढच्या शुक्रवारच्या कागदावर सगळ्यांत वर लिहून ठेवा.