मारुती ८०० चं इंजिन घरी कसं उतरवायचं

इंजिन खाली घ्यायला पाना हातात घेण्याआधी ते खरंच खाली घ्यावं लागणार आहे का, हे बघा. क्लच प्लेट बदलायची असेल तर नुसता गिअरबॉक्स उतरवून भागतं. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं पातळ पॅकिंग) उडालं असेल तर हेड गाडीतच निघतं. ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, काढलं की खालून बेअरिंगांपर्यंत हात पोचतो. इंजिन उतरवायची वेळ येते ती बोअर करायचं (झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे करायचे) असेल, क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) काढायचा असेल, ब्लॉकला तडा गेला असेल किंवा दुसरं इंजिन टाकायचं असेल तेव्हा. काही मिस्त्री सरसकट ‘इंजिन खाली घ्यावं लागेल’ म्हणतात, कारण इंजिन बाहेर ठेवून मोकळं काम करणं त्यांना सोयीचं असतं. त्यांचं चुकतं असंही नाही. पण घरी करणाऱ्याने निम्मं काम वाचत असेल तर वाचवावं.

मारुती ८०० निवडायचं कारण सरळ आहे. १९८३ पासून २०१४ पर्यंत ही गाडी बनत होती, त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या अंगणात एखादी अजून उभी असतेच. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन पुढे आडवं बसवलेलं आहे, गिअरबॉक्स त्यालाच चिकटलेला, आणि बोनेट उघडल्यावर सगळं डोळ्यांसमोर दिसतं. इथे सांगतोय ते कार्बोरेटरवाल्या जुन्या मॉडेलबद्दल. २००० नंतरच्या एमपीएफआय गाडीत (हिच्यात कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर पेट्रोल सोडतात) सेन्सरांचे कपलर जास्त असतात आणि पेट्रोलच्या लाइनीत दाब असतो. तो आधी काढावा लागतो: पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मगच नळीला हात लावायचा. आणि गाडीला एलपीजी किंवा सीएनजीचं किट असेल तर किटवाल्याकडून ते आधी सोडवून घ्या. ते घरी करायचं काम नाही.

जागा आणि टांगायची सोय

जमीन पक्की आणि सपाट हवी. मुरमाच्या अंगणात जॅक रुततो, उतारावर गाडी सरकते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर आधी सेक्रेटरींना विचारा आणि खाली जुनी ताडपत्री अंथरा. ऑइलचा डाग फरशीवरून जात नाही आणि त्यावरून निघालेला विषय पुढच्या वार्षिक सभेपर्यंत चालतो. उघड्यावर काम असेल तर पावसाळा सोडून द्या.

खरा प्रश्न इंजिन कशाला टांगायचं हा आहे. गिअरबॉक्ससकट हा बोजा दोघातिघांनी वाशाला बांधून उचललेला तुम्ही कुठे पाहिला असेल. त्या प्रकाराला माझा साफ विरोध आहे. पाय घसरला तर इंजिन कुणाच्या तरी पावलावर येतं. निदान अर्ध्या टनाची चेनकप्पी घ्या, किंवा घडीची इंजिन क्रेन भाड्याने आणा. चेनकप्पी पंख्याच्या कडीला कधीही अडकवू नका. ती कडी पंख्यासाठी असते. शेडचा पत्र्याखालचा पातळ अँगल किंवा आंब्याची फांदी, यांवरही भरवसा नको. जाड लोखंडी पाइपांची तिपाई, पाय एकमेकांना साखळीने बांधून फाकणार नाहीत अशी केलेली, हा घरच्यासाठी सगळ्यात भरवशाचा उपाय. बोअरवेलची मोटर काढणाऱ्यांकडे ती सहसा मिळते.

बाकी सामान नेहमीचंच: १०, १२, १४ आणि १७ नंबरचे रिंग आणि बॉक्स पाने, लांब एक्स्टेंशन, पक्कड, पहार, दोन घोड्या (जॅकने उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), जॅक, ऑइल धरायला घमेलं, गंज सोडवणारा स्प्रे. आणि कागदी टेप व मार्कर. हे दोन नसतील तर काम सुरूच करू नका.

आदल्या संध्याकाळी

इंजिन धुऊन घ्या. चिखल आणि ऑइलचा थर असलेल्या इंजिनावर कुठला बोल्ट कुठे आहे तेच दिसत नाही. मग सायलेन्सरच्या पाइपाचे मॅनिफोल्डजवळचे नट, माउंटिंगचे (इंजिन बॉडीला धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांचे) बोल्ट आणि चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचे बोल्ट यांवर गंजाचा स्प्रे मारून रात्रभर सोडा. सकाळी पुन्हा एकदा मारा. सायलेन्सरचा स्टड तुटला तर तो काढण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात बाकीचं निम्मं इंजिन सुटतं.

मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक कोपऱ्याचे, वरून आणि बाजूने. पाना लावण्याआधीचा फोटो हवा. सोडवल्यानंतरच्या फोटोत नुसत्या लोंबणाऱ्या वायरी दिसतात.

वरून सुरुवात

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. बोनेटच्या बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ मारून घ्या, म्हणजे परत बसवताना फटी सारख्या येतात. बोनेट काढताना दुसरा माणूस हवा, नाहीतर त्याचा कोपरा काचेवर जातो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी, पॉझिटिव्ह नंतर. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते, आणि पलीकडेच पेट्रोलची नळी आहे. बॅटरी काढून लांब ठेवा, तिचा ट्रेही काढा.

रेडिएटर पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा आणि खालून कूलंट सोडा. ते घमेल्यात धरा आणि लगेच झाका. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. होज पाइप ओढून निघत नसतील तर जागीच थोडे फिरवा. पाइप कडक झाला असेल तर कापूनच टाका. नवा पाइप रेडिएटरच्या तुटलेल्या नळीपेक्षा फार स्वस्त पडतो. पंख्याची वायर सोडवून रेडिएटर पंख्यासकट बाहेर घ्या. त्याची जाळी नाजूक असते आणि झुलणारं इंजिन नेमकं तिलाच लागतं.

आता एअर फिल्टर, आणि मग कार्बोरेटरभोवतीचं जंगल. अॅक्सिलरेटरची केबल, चोकची केबल, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना टेपचा एकच आकडा लावा: नळीवर ७, ती जिथून निघाली त्या नळकांडीवरही ७. हे कंटाळवाणं आहे, तरी करा. पेट्रोलच्या नळ्या दोन असतात, एक येणारी आणि एक परत जाणारी. त्यांच्या तोंडात जुना बोल्ट खुपसून क्लिप आवळा. या वेळी आसपास बिडी-सिगारेट किंवा पिवळा बल्ब नको, एलईडीचा दिवा वापरा.

वायरींमध्ये डिस्ट्रिब्युटर, कॉइल, अल्टरनेटर, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर), तापमानाचा सेन्सर, ऑइल प्रेशरचा स्विच, गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स लाइटचा स्विच, आणि इंजिनाहून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी हे सगळं येतं. शेवटच्या दोन गोष्टी हमखास विसरतात. अर्थिंगची पट्टी काढताना विसरली तर ती तुटते, एवढंच. बसवताना विसरली तर सेल्फचा सगळा करंट क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलीतून परतीची वाट शोधतो आणि केबल तापून जळते. म्हणून या पट्टीला लाल टेप लावा.

खालून

खाली जाण्याआधी गाडी घोड्यांवर घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नये, अगदी एका बोल्टसाठीही नाही. विटा रचून त्यावर गाडी ठेवायची पद्धतही सोडा. वीट न सांगता फुटते.

इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल दोन्ही सोडा. गिअर ऑइल राहिलं तर एक्सल (गिअरबॉक्सकडून चाकाला जाणारा दांडा) उपसताच ते बाहीतून कोपरापर्यंत जातं. क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल सोडवा. गिअरच्या लिव्हरकडून येणारे दोन दांडे असतात, एक गिअर फिरवणारा आणि एक आधाराचा. दोन्हीचे बोल्ट काढा. सायलेन्सरचा पुढचा पाइप मॅनिफोल्डपासून सोडवून तारेने बाजूला बांधा.

एक्सल काढायच्या दोन रीती आहेत. गॅरेजमध्ये बरेचदा हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) मोठा नट खोलून पूर्ण एक्सल बाहेर काढतात. घरी मी ते टाळायला सांगेन. बाहेरचं टोक हबमध्येच राहू द्या. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून (हब धरणाऱ्या ओतीव तुकड्यातून) सोडवला की चाकाची बाजू बाहेर ओढता येते, आणि आतलं टोक गिअरबॉक्सच्या कडेला पहार लावून एका झटक्यात निघतं. आत सर्कलिप (टोक अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) असते, तिच्यासाठी थोडा जोर लागतो. पण पहार ऑइल सीलवर टेकवू नका. सुटलेलं टोक लोंबतं ठेवू नका, जॉइंटचा बूट फाटतो. तारेने वर बांधा आणि टोकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा.

हब न उघडण्याचा फायदा पुढे कळतो. तिपाई जागेवरून हलत नाही, म्हणजे इंजिन वर टांगून ठेवून गाडीच मागे ढकलावी लागते. त्यासाठी बॉल जॉइंट परत बसवून आवळा, चाकं लावा आणि गाडी जमिनीवर घ्या. एक्सल हबमध्ये आवळलेला नसताना चाकावर वजन दिलं तर बेअरिंगची वाट लागते.

उचलणं

इंजिनावर साखळी अडकवायला लोखंडी कड्या दिलेल्या असतात, त्याच वापरा. साखळी अल्टरनेटरला किंवा इनटेक मॅनिफोल्डला गुंडाळू नका. दोन कड्यांमधली साखळी आखूड ठेवली तर इंजिन कमी झुलतं. एकाने कप्पी ओढायची, दुसऱ्याने फक्त इंजिनावर नजर ठेवायची आणि ‘थांब’ म्हणायचं. गप्पा मारणारे शेजारी चार पावलं लांब.

आधी साखळी ताणून वजन कप्पीवर घ्या. मगच माउंटिंगचे बोल्ट काढा. बोल्ट सहज फिरत नसेल तर वजन कमी किंवा जास्त उचललं गेलंय असं समजा. कप्पी जरा खालीवर करा, बोल्ट मोकळा होतो. हातोडीने ठोकून काढलेल्या बोल्टचे आटे जातात.

आता चार बोटं वर घ्या आणि थांबा. सगळ्या बाजूंनी टॉर्च फिरवून बघा. काहीतरी अडकलेलं असतंच, बहुतेकदा स्पीडोमीटरची केबल, अर्थिंग, किंवा हीटरचा मागचा पाइप. इंजिन वर येत नाही म्हणून कप्पी अजून ओढायची नसते, काय धरून ठेवतंय ते शोधायचं असतं. मोकळं झालं की हळूहळू वर घ्या, गिअरबॉक्सची बाजू थोडी खाली झुकू द्या आणि हाताने वळवत बाहेर काढा. वळवताना हात बाजूने लावायचा, बोटं ब्लॉक आणि बॉडीच्या मध्ये जाऊ द्यायची नाहीत. इंजिन बंपरच्या वर आलं की तिसऱ्या माणसाने गाडी मागे ढकलायची, आणि इंजिन लगेच जुन्या टायरवर उतरवायचं. रात्रभर टांगून ठेवायचं नाही.

खाली आल्यावर

गिअरबॉक्स वेगळा करताना त्याला खालून आधार द्या. त्याचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये अडकलेला असतो, आणि गिअरबॉक्स लोंबला तर त्याचं सगळं वजन प्लेटच्या मधल्या भागावर येऊन ती वाकते. काढलेला प्रत्येक बोल्ट शक्य असेल तिथे त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा. डब्यात गोळा केलेले बोल्ट दुसऱ्या दिवशी बाजारात सांडलेल्या वाटाण्यांसारखे सगळे एकच दिसतात, आणि लांबी अर्ध्या सेंटीमीटरने चुकली तर लांब बोल्ट ब्लॉक फोडतो. इंजिनाची उघडी तोंडं टेपने बंद करा. आत चिंधी कोंबू नका, ती आतच राहते.

इतकं सगळं सोडवलंच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील, एक्सलची दोन्ही सीलं, क्लचचं रिलीज बेअरिंग, टायमिंग बेल्ट आणि माउंटिंगची रबरं बदलून टाका. यातली कुठलीही वस्तू महाग नाही, पण मागचं सील नंतर गळलं तर गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो. बोल्ट आवळताना किती जोर द्यायचा याचे आकडे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असतात. टॉर्क रेंच उसना मिळाला तरी चालेल, पण हेड आणि फ्लायव्हीलचे बोल्ट अंदाजाने आवळू नका.

काढलेलं ऑइल गटारात किंवा वाळवीसाठी झाडाच्या बुंध्यावर ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या, तिथून ते गोळा करणारे घेऊन जातात.

तेच इंजिन दुरुस्त करून परत बसवणार असाल तर कागदपत्रांचा काही प्रश्न येत नाही. जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणणार असाल तर मात्र उतरवण्याआधीच आरटीओत चौकशी करा. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली असा बदल नोंदवावा लागतो. विक्रेत्याकडून पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि ब्लॉकवरचा नंबर घासलेला दिसला तर ते इंजिन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. नंबर जुळत नसेल तर विम्याचा दावाही अडकू शकतो.