डिझेलची सात सीटर चालवताना या चुका टाळा

गौरी-गणपती करून आम्ही चिपळूणहून कराडकडे निघालो होतो. गाडी मारुतीची, पहिल्या पिढीची डिझेल अर्टिगा. आत आम्ही सातजण, मागे तांदळाचं पोतं, नारळ, बॅगा. कुंभार्ली घाटात पुढे ट्रक बंद पडला आणि रांग लागली. चढावर दर दोन मिनिटांनी हातभर पुढे सरकायचं होतं. मी हँडब्रेकला हात लावला नाही. वीसेक मिनिटं गाडी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, तोलून धरली. मधल्या रांगेतून आई म्हणाली, "रबर जळल्यासारखा वास येतोय बघ." तो वास आमच्याच क्लचचा होता.

कराडच्या मेकॅनिकने गाडी फिरवून पाहिली. चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, वेग मात्र तिथेच. "प्लेट गेली. चढावर क्लचवर उभी केली होती ना?" त्याने विचारलं. तेव्हापासून ही गाडी मी नीट समजून घेत आलोय. या वर्गातल्या गाड्यांच्या पुष्कळशा तक्रारी गाडीच्या नसतात, वापराच्या असतात. सात सीट दिसल्या की सात माणसं आणि त्यांचं सगळं सामान बसणार असं आपण धरून चालतो. आणि डिझेल घेतलं की ते कसंही चालवलं तरी चालतं, असंही.

डिकीचा हिशेब

2012 च्या अर्टिगात तिसरी रांग उभी असताना डिकी 135 लिटरची आहे. 2018 च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीत ती 209 लिटर झाली आणि 2022 च्या किया कॅरेन्समध्ये 216 लिटर आहे. म्हणजे सातजणांमागे दोन-तीन बॅगा, बस. चाकांच्या कडक ट्रॉली बॅगा इथे फार जागा खातात. कापडी, मऊ बॅगा कोपऱ्यात दाबून बसतात. आम्ही ट्रॉली बॅगा नेणं बंद केलं आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटला. सहाजण असाल तर तिसऱ्या रांगेची एक बाजू पाडा. जड वस्तू तळाशी, सीटच्या पाठीला चिकटवून ठेवा. पोतं वर आणि बॅगा खाली असं कधीही नको.

टपावरच्या कॅरिअरला वजनाची मर्यादा असते आणि ती गाडीच्या पुस्तकात लिहिलेली असते. गाद्या, हलक्या बॅगा वर चालतील. धान्य आणि पाण्याचे कॅन वर चढवले तर गाडी वळणावर झोलते आणि ब्रेकलाही उशिरा थांबते.

नारळाबद्दल वेगळं सांगतो, कारण ते मी स्वतः पाहिलंय. मधल्या सीटखाली सुटे ठेवलेले नारळ उतारावर पुढे गडगडत आले आणि एक माझ्या टाचेला येऊन टेकला. आणखी वीतभर पुढे आला असता तर ब्रेकच्या पेडलखाली अडकला असता. नारळ, पाण्याची बाटली, स्टीलचा डबा, पोरांची खेळणी, यांतलं काहीही चालकाच्या सीटमागे सुटं राहू देऊ नका. नारळ पोत्यात घालून तोंड बांधा आणि पोतं डिकीत ठेवा.

सात माणसं म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे किलो, सामान वेगळं. तरीही टायरमध्ये हवा रोजचीच ठेवून लोक कोकणात उतरतात. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिला असेल तर निघायच्या आदल्या दिवशी, टायर थंड असताना तेवढी हवा भरा. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर उचललं जातं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. दिवे खाली करायची छोटी फिरकी डॅशबोर्डवर असते. बरेच जण ती वर्षानुवर्षं हलवतच नाहीत.

कुणाला कुठे बसवायचं

तिसऱ्या रांगेत जायचं तर मधली सीट दुमडून अरुंद वाटेने वाकून शिरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजीला तिथे पाठवू नका. मागची रांग लहान मुलांची आणि सडपातळ माणसांची. पण ज्या पोराला गाडी लागते त्यालाही तिथे बसवू नका. ती रांग थेट मागच्या चाकांवर असते, घाटात सगळ्यात जास्त तिथेच हलतं. चाइल्ड सीट मधल्या रांगेत अशा बाजूला लावा की तिसऱ्या रांगेची वाट मोकळी राहील. आणि पट्टे मागेही लावायचे. सगळ्यात मागे बसलेल्या मुलाचं डोकं आणि मागचं दार यांत फारसं अंतर नसतं.

मागे गार वाटत नाही ही तक्रार मी एसीचा गॅस कमी झाल्याची समजत होतो. मागचा ब्लोअर वेगळ्या बटणावर चालतो आणि ते बटण बंद होतं. केबिनच्या फिल्टरवर धूळ बसली तरी हेच होतं. तो आधी काढून पाहा.

घाट

जुन्या अर्टिगातलं 1248 सीसीचं इंजिन 200 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, देतं, पण 1750 आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या). त्याखाली इंजिनात जादा हवा दाबून भरणारा टर्बो जागा झालेला नसतो. चढावर तिसऱ्या गिअरला गाडी धडधडू लागली तरी ॲक्सिलरेटर दाबत राहणं ही सर्रास दिसणारी चूक. गिअर खाली टाका, आवाज वाढू द्या. रांगेत थांबलात तर हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा आणि पुढे तीन-चार गाड्यांची जागा मोकळी झाली की एकदाच हला. जळका वास आलाच तर मोकळी जागा बघून पंधरा-वीस मिनिटं उभे राहा.

उतरताना ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. न्यूट्रलवर सोडून डिझेल वाचत नाही. गाडी गिअरमध्ये आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असला की इंजिन त्या वेळेपुरतं डिझेल घेतच नाही. न्यूट्रलवर मात्र ते चालू राहायला डिझेल लागतंच, वर सगळा भार ब्रेकवर येतो. भरलेल्या गाडीचे ब्रेक तापले की पेडल खाली जाऊनही गाडी थांबेनाशी होते. घाटमाथ्यावर चहाला थांबलात तर लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन चालू ठेवा, म्हणजे टर्बोला तेलाचा पुरवठा होत तो थंडावतो.

रोज दोन किलोमीटर

मुलांना शाळेत सोडणं आणि भाजी आणणं एवढाच वापर असेल तर डिझेल घेऊच नका. हे मी मनापासून सांगतोय. बीएस-6 या नव्या प्रदूषण नियमांच्या डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. साठलेली काजळी जाळायला त्याला बऱ्यापैकी लांब, एकसारखी धाव लागते. थंड इंजिनावर दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली की ते काम दर वेळी अर्धवट राहतं. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, नंतर ओढ कमी होते. नुसता दिवा लागलेला असेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्याला काढा आणि वीसेक मिनिटं साठच्या वर, गिअर थोडा खालचा ठेवून चालवा. ओढ गेली असेल किंवा इंजिनचा दिवाही जोडीला लागला असेल तर थेट वर्कशॉप. अशा गाडीत डीपीएफसाठी ठरवून दिलेलंच ऑइल घाला, स्वस्त मिळतं म्हणून दुसरं नको. जुन्या बीएस-4 अर्टिगात डीपीएफ नाही, पण सततच्या छोट्या फेऱ्यांनी तिथे ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने माखतो.

धुराचा रंग पाहायला शिका. काळा धूर आणि जोडीला शिट्टीसारखा आवाज असेल तर एअर फिल्टर आणि टर्बोचे होज (रबरी पाइप) पाहा, एखादा निसटलेला किंवा फाटलेला असतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सकाळी पांढरा धूर आणि गाडी रखडत सुरू होत असेल तर थंड इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लग तपासा, पण आधी स्वतःला विचारा, गुंडाळीच्या खुणेचा दिवा विझेपर्यंत थांबला होता का?

अर्टिगाची टाकी 45 लिटरची आहे, ती तळाला जाऊ देऊ नका. डिझेल संपलं तर पंपात हवा शिरते आणि नुसतं डिझेल ओतून गाडी लगेच सुरू होत नाही. ती सुरू करायला स्टार्टर मारत बसलात तर बॅटरी उतरेल. हाय प्रेशर पंपाला वंगणही डिझेलचंच मिळतं. चुकून पेट्रोल भरलं गेलं तर चावी ऑनसुद्धा करू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. पावसाळ्यात डिझेल फिल्टरमधलं पाणी काढून घ्या. आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर आतला कनेक्टिंग रॉडच वाकतो.

जुनी घेताना

अर्टिगाचं डिझेल 2020 मध्ये बंद झालं, त्यामुळे आता मिळेल ती वापरलेलीच. गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जा आणि मालकाला आधी सुरू करून ठेवू देऊ नका. 1248 सीसीच्या, म्हणजे 1.3 लिटरच्या इंजिनात टायमिंगची चेन आहे, बेल्ट नव्हे, म्हणून ती कधीच पाहावी लागत नाही असा समज आहे. ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेन सैल होते आणि सुरुवातीचे काही सेकंद खडखड ऐकू येते. ती ऐकू आली तर सौदा थांबवा. एसएचव्हीएस (मारुतीची सौम्य हायब्रीड यंत्रणा) असलेली गाडी असेल तर बॅटरी कुठली बसवलीय तेही पाहा, साधी स्वस्त बॅटरी असेल तर बदलायचा खर्च धरा.

आमची क्लच प्लेट बदलून झाली. पुढच्या वर्षी गणपतीला गेलो तेव्हा परतताना पोतं गाडीत घेतलंच नाही, चिपळूण स्टँडवर एसटीच्या पार्सलमध्ये टाकलं. कुंभार्लीत परत रांग लागली होती. दोन तास लागले, पण वास आला नाही.