घरी होकायंत्र बनवा, पण वॉशिंग मशीनवर ठेवू नका

भाच्याच्या सहावीच्या प्रोजेक्टसाठी रविवारी होकायंत्र करायला बसलो आणि सुई काही केल्या उत्तर दाखवेना, दीड तास गेला, मग ट्यूब पेटली की बाऊल ठेवलाय वॉशिंग मशीनवर. खाली लोखंडी पत्रा, आत मोटर, सुई बिचारी काय करणार.

तर शिवणकामाची साधी स्टीलची सुई घ्या. मॅग्नेट जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधला असेल तर बेस्ट. फ्रिजवर लावतात ते चपटे रबरी मॅग्नेट नकोत, त्यात दोन्ही ध्रुवांच्या पट्ट्या आलटून पालटून असतात. मॅग्नेटची एकच बाजू नेढ्यापासून टोकापर्यंत घासायची, टोकाला आलं की उचलायचं, परत नेढ्यापासून, असं तीस-चाळीस वेळा. मागेपुढे खरवडायचं नाही (भाचा नेमकं तेच करत होता). सुईच्या आत बारीक बारीक भाग असतात, प्रत्येक भाग म्हणजे एक छोटा मॅग्नेटच, पण संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या ब्रिजवर कसं ज्याचं तोंड तिकडे असतं तसं, त्यामुळे सगळ्यांचा जोर आपापसातच जिरतो. एका दिशेने घासलं की बरेचसे एकीकडे तोंड करून उभे राहतात. सुई गॅसवर लालभडक केली की परत गोंधळ.

आता थर्माकोलच्या छोट्या तुकड्यावर सुई आडवी ठेवून पाण्यात सोडा. बाऊल प्लास्टिकचा किंवा काचेचा, आणि पाणी काठोकाठ भरा, कमी असलं की तुकडा कडेला जाऊन चिकटून बसतो.

इथे एक गंमत बघा. तुकडा नुसता वळतो, उत्तरेकडे वाहत जात नाही, कारण पृथ्वी एका टोकाला जेवढं उत्तरेकडे ओढते तेवढंच दुसऱ्याला दक्षिणेकडे. वाहत निघाला आणि वारा-पंखा नसेल तर जवळ कुठेतरी लोखंड आहे समजा. पृथ्वीचं हे चुंबकत्व येतं सुमारे २,९०० किमी खालच्या वितळलेल्या, फिरत्या लोखंडातून, आणि इथे वर ते इतकं कमजोर असतं की खिडकीची ग्रिल, सेफ्टी डोअर, पिलरमधल्या सळया, काहीही सुईला फितवू शकतं. पूर्वी कुलाब्याला ह्याची मोजणी व्हायची, पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, आज ती चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आपल्या नवीन पनवेलला आहे. तिथे एवढी काळजी घ्यावी लागते तर आपल्या वन बीएचकेचं काय घेऊन बसलात!

म्हणून चेक करायला खाली सोसायटीच्या गार्डनमध्ये जा, पार्किंगपासून लांब. ठाण्यात येऊरच्या डोंगराकडे तोंड केलं की पश्चिम, उजवा हात साधारण उत्तर. वाशीला असाल तर खाडीकडे तोंड करा, तेच. मोबाईलचा कंपास लावून बघणार असाल तर मॅग्नेटवालं फ्लिप कव्हर आधी काढा, आणि फोन बाऊलला चिकटवून धरू नका, त्याच्या स्पीकरमध्ये पण मॅग्नेट असतो.

आमची सुई गार्डनमध्ये पहिल्या झटक्यात उत्तर-दक्षिण लागली, फक्त उत्तरेला टोकाऐवजी नेढं आलं, म्हणजे घासताना मॅग्नेटची उलटी बाजू पडली होती. परत कोण घासत बसणार, ताईचं लाल नेलपॉलिश नेढ्याला लावलं आणि प्रोजेक्ट दिला पाठवून.