जुन्या होम कॉम्प्युटरसाठी टर्मिनल प्रोग्रॅम कसा निवडायचा

जुनं मशीन चालू झालं की लगेच सगळे विचारतात, टर्मिनल प्रोग्रॅम (केबल किंवा मोडेमवरून दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलणारा प्रोग्रॅम) कुठला टाकू? माझं म्हणणं, प्रोग्रॅम सगळ्यात शेवटी ठरवा. आधी मशीनला सिरीयल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवणारं कनेक्शन) कुठला आहे ते बघा, आणि पलीकडे काय आहे ते, म्हणजे बीबीएसला (मोडेमने जोडायचा जुन्या पद्धतीचा ऑनलाइन संदेश-फलक) जोडायचंय, लिनक्सच्या लॉगिनला जोडायचंय की नुसत्या फायली इकडून तिकडे न्यायच्यात. एवढं कळलं की यादीतले निम्मे प्रोग्रॅम आपोआप गळतात.

पोर्टचं आधी सांगतो कारण इथे चूक झाली तर चिप जाते. कमोडोर ६४ च्या मागचा यूझर पोर्ट ५ व्होल्टवर चालतो, आणि खऱ्या आरएस-२३२ (सिरीयल पोर्टचं नेहमीचं मानक) वर उणे १२ ते अधिक १२ व्होल्ट येऊ शकतात, म्हणून वायर थेट जोडू नका, मधे मॅक्स२३२ सारखा लेव्हल कन्व्हर्टर हवाच, आणि काहीही लावताना-काढताना मशीन बंद ठेवा. या पोर्टवर प्रोसेसर स्वतः एकेक बिट मोजत बसतो त्यामुळे साध्या वायरिंगवर २४०० बॉडपर्यंतच (इथे बॉड म्हणजे सेकंदाला बिट) भरवसा ठेवायचा. यूपी९६०० पद्धतीने वायरिंग केलं तर ९६००, आणि स्विफ्टलिंक कार्ट्रिजमध्ये वेगळी सिरीयल चिप असते म्हणून ते ३८४०० पर्यंत जातं. सीसीजीएमएस या टर्मिनल प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या हे तिन्ही प्रकार चालवतात म्हणून कमोडोरवर मी आधी तोच सुचवतो, फक्त मेनूत मोडेमचा प्रकार बरोबर निवडा, नाहीतर स्क्रीनवर एक अक्षर उमटणार नाही आणि तुम्ही उगाच केबलला दोष देत बसाल.

आता स्क्रीन. कमोडोरवर ४० कॉलम, आणि त्याची अक्षरांची पद्धत पेटस्की, ती इतर बहुतेक कॉम्प्युटरांच्या आस्कीपेक्षा वेगळी. पेटस्की बीबीएस असेल तर रंग, चित्रं सगळं मस्त दिसतं. पण लिनक्सला व्हीटी१०० लागतं, हा टर्मिनल १९७८ चा, ८० कॉलम २४ ओळी, आणि प्रोग्रॅमला ते येत नसेल तर स्क्रीनभर चौकोनी कंस, आकडे आणि मधेच एखादं सुटं अक्षर असा कचरा दिसतो. हा कचरा म्हणजे लाइन खराब नाही, कर्सर हलवायच्या आणि रंग बदलायच्या आज्ञा तशाच छापल्या जातायत. अशा वेळी कमोडोरवर नोव्हाटर्म, अटारीच्या ८-बिट मशीनवर आइस-टी बघा. मात्र ३२० पिक्सेलमध्ये ८० अक्षरं बसवायची म्हणजे एका अक्षराला मोकळ्या जागेसकट ४ पिक्सेल, टीव्हीवर डोळे दुखतात, मॉनिटर असेल तरच या वाटेला जा. आणि मराठीची अपेक्षा नको, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, ते यांना कळतच नाही.

डॉसवाल्यांचं सोपं आहे. टेलिक्स, प्रोकॉम किंवा कर्मिट, तिन्ही चांगले. पलीकडे लिनक्स असेल तर कर्मिट घ्या, त्याचं व्हीटी एम्युलेशन (व्हीटी१०० सारख्या टर्मिनलची नक्कल) पक्कं आहे. पोर्टमागची चिप मात्र बघून घ्या, ८२५० असेल तर आलेला एकच बाइट धरून ठेवते आणि १६५५०ए असेल तर १६, त्यामुळे जुन्या एक्सटी पीसीवर वेग वाढवला की अक्षरं गळायला लागतात. तिथे ९६०० वर सुरू करा.

फायली आणायच्या असतील तर प्रोटोकॉल (फाइल पाठवायची ठरलेली पद्धत) नीट बघा. झेडमोडेम (१९८६) वेगवान आहे पण तो न थांबता डेटा ओततो, आणि मशीन डिस्कवर लिहिण्यात गुंतलं की मधले बाइट जातात, मग तो पुन्हापुन्हा मागे येतो. एक्समोडेम १९७७ चा, साधा १२८ बाइटचा ब्लॉक पाठवतो आणि 'मिळालं' असं उत्तर येईपर्यंत थांबतो. स्लो ड्राइव्हवर हे थांबणंच कामाला येतं. माझ्याकडे झेडमोडेमने तीनदा अडकलेली फाइल एक्समोडेमने पहिल्याच फटक्यात आली. वेळेचा हिशोब सोपा, एका अक्षराला १० बिट, म्हणजे २४०० वर सेकंदाला २४० अक्षरं, आणि कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हची १७० केबीची डिस्क आणायला कमीत कमी १२ मिनिटं.

प्रोग्रॅम मशीनवर पोचवायचा कसा हेही निवडण्याआधीच ठरवा, कारण टर्मिनलशिवाय डाउनलोड नाही आणि डाउनलोडशिवाय टर्मिनल नाही. कमोडोरला फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी लावायचं एसडी कार्डवालं एसडी२आयईसी सगळ्यात सोयीचं. ॲपल २ ला डिस्क इकडून तिकडे पाठवणारा एडीटीप्रो हा प्रोग्रॅम आहे, तो कॅसेट पोर्टमधून आवाजाच्या रूपात स्वतःला आत पाठवू शकतो, म्हणजे एकही भरलेली फ्लॉपी नसली तरी चालतं.

सगळं जोडून झालं की लगेच डायल करू नका. वायफाय मोडेम (सिरीयल पोर्टला लावून वायफायवर जोडणारा) असेल तर ३०० किंवा १२०० बॉडवर 'एटी' (AT, मोडेमला हाक मारायची आज्ञा) टाइप करून एंटर दाबा. 'ओके' आलं तर वेग एकेक पायरी वाढवा, प्रत्येक वेळी मोडेम आणि प्रोग्रॅम दोन्हीकडे, आणि जिथे लांब मजकुरात अक्षरं गळायला लागतील त्याच्या एक पायरी खाली थांबा.