घरचा मायनिंग पूल: आधी नोड, मग मशीन

उद्यमनगरातल्या शेडमध्ये तिघांनी मिळून चार मशीनचा बिटकॉइन पूल, म्हणजे मशीननी मिळून नवे बिटकॉइन मिळवायची (मायनिंगची) सोय लावली, तेव्हा घाई नडली. नोड, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची नोंद ठेवणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम, सिंक व्हायच्या (ती नोंद पूर्ण उतरवून घ्यायच्या) आधीच मशीन जोडली. रात्रभर पंखे बोंबलत राहिले, काम काही मिळेना. ‘गेटब्लॉकचेनइन्फो’ कमांड मारून ‘इनिशियलब्लॉकडाउनलोड’समोर ‘फॉल्स’ दिसेपर्यंत पूल सुरूच करू नका. साखळी (ब्लॉकचेन, म्हणजे ती सगळी नोंद) 600 जीबीच्या पुढे गेलीय, पण प्रूनिंग (तपासून झालेला जुना भाग पुसणं) चालू ठेवलं की छोट्या एसएसडीवर भागतं. डाउनलोड मात्र सगळंच करावं लागतं, तेव्हा नेटचा प्लॅन बघून घ्या.

खरी गोम पोर्टची, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरमध्ये शिरायच्या दारांची. नोडला हुकूम द्यायचा आरपीसी पोर्ट 8332 फक्त 127.0.0.1 वर, म्हणजे त्याच सर्व्हरपुरता बांधा. पूलचा पोर्ट, बहुतेक ठिकाणी 3333, शेडच्या लॅनपुरता (आतल्या नेटवर्कपुरता) ठेवा. राजारामपुरीतल्या मित्राला त्याचं मशीन जोडायचंय? राउटरवर पोर्ट उघडू नका, वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा (दोघांपुरता सुरक्षित खासगी रस्ता) काढून द्या. बिटकॉइनच्या पाकिटाची चावी (खर्च करू देणारा गुप्त कोड) या सर्व्हरवर नकोच, फक्त बक्षीस जमा व्हायचा पत्ता द्या.

पावसाळ्यात वीज जाते हे सांगायला नको. यूपीएसवर सर्व्हर आणि राउटर घ्या, मशीन नको. बॅटरी क्षणात झोपते.

चार मशीनला ब्लॉक (साखळीतलं नवं पान, ज्यावर बक्षीस मिळतं) लागणं म्हणजे लॉटरीच. लागलाच तर बक्षीस 100 कन्फर्मेशननंतरच (साखळीत पुढे तितके ब्लॉक जोडले गेल्यावरच) खर्चता येतं, म्हणजे साधारण 17 तास. वाटणीचा हिशेब मात्र आधीच वहीत लिहून तिघांच्या सह्या घ्या.