वायदा पुढच्या महिन्यात कसा न्यावा आणि दोन महिन्यांतल्या फरकावर सौदा कसा करावा

सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, पण स्क्रीनवर कांद्याचा वायदा, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला माल देण्या-घेण्याचा करार, दिसत नाही. (अमेरिकेत तर 1958च्या कायद्याने त्यावर बंदीच आहे.) तुरीचा वायदा 2007 साली बंद झाला, सोयाबीनचा सेबी या बाजार नियामकाने डिसेंबर 2021 मध्ये थांबवला. म्हणून रोलओव्हर, म्हणजे वायदा पुढच्या महिन्यात नेणं, शिकायला इथल्या माणसाने एमसीएक्स या वायदे बाजारावरची चांदी घ्यावी. तिचा हिशेब सरळ बसतो.

समजा तुमच्याकडे चांदी मिनीचा एप्रिलचा एक लॉट, म्हणजे 5 किलोची खरेदी आहे आणि तेजी अजून संपलेली नाही असं तुम्हाला वाटतं. मग एप्रिल विकायचा आणि जून घ्यायचा. रोलओव्हर म्हणजे एवढंच.

आधी एक्सचेंजचं करारपत्रक उघडा. बहुतेक जण शेवटची तारीख बघतात. बघायची असते ती टेंडर काळ, म्हणजे मुदत संपण्याआधीचे माल देण्या-घेण्याचे दिवस, सुरू होण्याची तारीख. चांदीत डिलिव्हरी सक्तीची आहे. टेंडर काळात मार्जिन (सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत) वाढतं, आणि अनेक ब्रोकर त्याआधी स्वतःच सौदा कापून टाकतात, मिळेल त्या भावाला. आठवडाभर आधीपासून दोन्ही महिन्यांचा ओपन इंटरेस्ट (न मिटलेल्या सौद्यांची संख्या) पाहत राहा. गर्दी जूनकडे सरकू लागली की आपणही सरकावं.

आता फरक मांडा. पुढच्या महिन्याच्या भावात तेवढ्या काळाचं व्याज धरलेलं असतं. एप्रिल 1,50,000 रुपये किलो असेल, तर वर्षाला 7 टक्के दराने दोन महिन्यांचं व्याज 1,750 रुपये होतं. जून 1,51,750च्या आसपास असेल तर भाव वाजवी. रोल करताना हे पैसे खिशातून जात नाहीत, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाहीत. पण चांदी जागची हलली नाही, तर जूनची मुदत येईपर्यंत हा फरक विरघळतो आणि लॉटमागे 8,750 रुपये गेलेले असतात. तेजीवाल्याचं खरं भाडं हे. ब्रोकरेज त्यापुढे किरकोळ.

दोन ऑर्डर वेगवेगळ्या टाकू नका. एक बाजू होऊन दुसरी लटकली, तर मधल्या पाच मिनिटांत चांदी कुठेही जाऊ शकते. ब्रोकरकडे स्प्रेड ऑर्डरची, म्हणजे दोन महिन्यांतल्या फरकावरच्या एकाच ऑर्डरची, सोय आहे का ते विचारा. तिच्यात फरकाचाच भाव टाकता येतो. नसेल तर जूनची बाजू आधी लिमिट लावून (आपला भाव ठरवून) घ्या, कारण तिथे खरेदी-विक्रीच्या भावांत अंतर जास्त असतं. ती झाली की एप्रिल लगेच सुटतो. मात्र त्या क्षणभरासाठी दोन्हींचं मार्जिन खात्यात हवं.

हाच फरक निव्वळ व्यापारासाठीही वापरता येतो. फरक 2,400वर गेला आणि तो जास्त वाटला, तर एप्रिल घ्या, जून विका. तो 1,900वर आला की किलोला 500, म्हणजे लॉटला 2,500 रुपये. त्यातून चार व्यवहारांचं ब्रोकरेज आणि कर वजा. चांदी वर गेली की खाली, याने फारसं बिघडत नाही. मार्जिनमध्येही मोठी सवलत मिळते, आणि धोका तिथेच आहे: सवलत दिसली की माणूस एकाऐवजी पाच लॉट घेतो.

हळदीत मात्र व्याजाचं गणित लावू नका. नवी हळद साधारण जानेवारीपासून बाजारात येते. जुन्या पिकाचा महिना आणि नव्या पिकाचा महिना हे जवळपास दोन वेगळे माल आहेत; पाऊस, लागवड आणि गोदामातला साठा त्यांना उलट दिशांनाही ओढतो. जवळचा महिना किती बिथरू शकतो ते 20 एप्रिल 2020 ला कच्च्या तेलात दिसलं: एमसीएक्सवर त्या महिन्याचा सौदा उणे 2,884 रुपये प्रति बॅरलला मिटला, पुढचा महिना मात्र शून्याच्या वरच होता.

स्प्रेडमधून बाहेर पडतानाही दोन्ही बाजू एकदम सोडा, आणि टेंडर काळाच्या आधी. तो सुरू झाला की मार्जिनची सवलत जाते आणि दोन्ही बाजूंचं पूर्ण मार्जिन भरावं लागतं.