पुलाजवळ तुटलेली चष्म्याची फ्रेम घरी जोडताना

चष्म्याची प्लास्टिकची फ्रेम बहुतेक वेळा दोनच ठिकाणी दगा देते: नाकावरच्या पुलाशी किंवा काडीच्या बिजागरीशी. बिजागरीचा नुसता स्क्रू पडला असेल तर चष्म्याच्या दुकानात तो काही मिनिटांत बसवून मिळतो, आणि तोवर छिद्रातून तांब्याची बारीक तार ओवून तिला पीळ दिला की काम भागते. बिजागरीच प्लास्टिकमधून उपटून आली असेल, तर मात्र काडी उघडता-मिटताना सगळा ताण तिथेच येत असल्यामुळे घरगुती जोड फारसा टिकत नाही. पुलाशी दोन तुकडे झालेली फ्रेम घरी नीट जोडता येते. पुढचे सारे तिच्याविषयी आहे.

सर्वप्रथम फ्रेम कशाची आहे ते ओळखावे, कारण एका प्लास्टिकला चालणारा उपाय दुसऱ्याला चालत नाही. मोडलेल्या जागी पाहिल्यावर रंग आरपार, थेट आतपर्यंत गेलेला दिसला आणि काडीच्या आत धातूची तार असली, तर ती बहुधा सेल्युलोज ॲसिटेटची, म्हणजे दुकानदार जिला ‘शेल फ्रेम’ किंवा ‘ॲसिटेट’ म्हणतात ती असते. खात्रीसाठी काडीच्या कानामागे जाणाऱ्या टोकाला, आतल्या बाजूने, ॲसिटोनमध्ये बुडवलेली कानकाडी क्षणभर टेकवावी. जागा चिकट झाली तर ॲसिटेट. वाकवली तरी पुन्हा सरळ होणारी हलकी फ्रेम बहुधा टीआर-९० नावाच्या नायलॉनची असते आणि तिच्यावर ॲसिटोनचा परिणाम होत नाही. घरातल्या एखाद्या फार जुन्या चष्म्याची फ्रेम कापडाने जोरात घासल्यावर कापराचा वास आला, तर ती सेल्युलॉइडची समजून तिच्याजवळ उष्णता मुळीच नेऊ नये, कारण ती भडकन पेट घेते.

यानंतर भिंगे काढावीत, आणि हा टप्पा कंटाळा आला म्हणून गाळू नये. मी एकदा तो गाळला होता; भिंगे जागेवर असतानाच इन्स्टंट ग्लू लावला आणि सकाळी दोन्ही भिंगांवर पांढुरकी धूसर साय धरलेली दिसली. ती त्या ग्लूच्या वाफेची होती. शिवाय ॲसिटोन पॉलिकार्बोनेटच्या भिंगांची पार नासाडी करते. भिंगाभोवतीची कड हेअर ड्रायरने मधूनमधून किंचित कोमट करावी आणि अंगठ्यांनी भिंग मागून पुढे ढकलावे. सहसा ते सहज सुटते. काढण्यापूर्वी प्रत्येक भिंगावर कागदी चिकटपट्टी लावून डावे-उजवे आणि वरची बाजू लिहून ठेवावी, कारण ज्यांना सिलिंडरचा नंबर आहे त्यांचे भिंग परत बसवताना थोडेसे फिरले तरी दिसणे बिघडते.

तुटलेली तोंडे घासून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा. ती जितकी ओबडधोबड, तितकी एकमेकांत नेमकी बसतात. साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, ती कोरडीच जुळवून पाहावीत. चिकटवण्यापेक्षा सरळ चिकटवणे अवघड आहे, कारण पूल तिरका जुळला तर भिंगांचे मध्य बुबुळांसमोरून सरकतात आणि मोठ्या नंबरवाल्या माणसाचे डोके दुखू लागते. म्हणून फरशीच्या तुकड्यावर मुलांच्या खेळातली क्ले, किंवा ती नसेल तर घट्ट मळलेली कणीक पसरून, तिच्यावर पातळ प्लास्टिक अंथरावे आणि कोरडी जुळवलेली फ्रेम त्यात हलकेच दाबावी. दोन्ही कडांच्या वर पट्टी धरून समांतर आहे की नाही ते पाहिले की साचा तयार झाला. अर्धा भाग उचलून, पुढे सांगितल्याप्रमाणे ॲसिटोनने ओला करून, तिथेच परत ठेवायचा.

ॲसिटेटच्या फ्रेमसाठी शुद्ध ॲसिटोन वापरावे. नखांच्या रंगाच्या रिमूव्हरमध्ये ते असेलच असे नाही, आणि असले तरी त्यात तेल मिसळलेले असू शकते. कानकाडीने दोन्ही तोंडे पंधरा-वीस सेकंद ओली ठेवावीत, ती चिकट झाली की साच्यात घट्ट दाबावीत. सांध्यातून मऊ प्लास्टिकची बारीक कड बाहेर येईल. ती पुसू नये, दुसऱ्या दिवशी कानशीने काढावी. किमान २४ तास हात लावू नये. हे काम खिडकीशी करावे आणि जवळ गॅस किंवा देवासमोरचे निरंजन पेटलेले नसावे.

एवढ्यावर पूल जोडला जातो, पण चष्मा एका हाताने ओढून काढायची सवय असेल तर पुन्हा तुटतो. त्यासाठी धातूचा आधार हवा. सांधा पूर्ण वाळल्यावर पुलाच्या मागच्या बाजूला, मोडलेल्या रेषेला आडवी, सुमारे एक मिलिमीटर खोल खाच कानशीच्या कडेने पाडावी. यू-पिनचा सरळ तुकडा तिच्यात बसवावा आणि दोन ट्यूबांमधला इपॉक्सी समप्रमाणात कालवून खाच भरावी. तारेची टोके खाचेच्या आतच राहिली पाहिजेत. टीआर-९० फ्रेमसाठी हाच एक मार्ग उरतो. तिथे इपॉक्सीही नीट धरत नाही, म्हणून पृष्ठभाग आधी खरखरीत करून घ्यावा आणि ही दुरुस्ती नवी फ्रेम येईपर्यंतचीच मानावी.

इन्स्टंट ग्लू आणि खाण्याचा सोडा यांची जोडी झटकन दगडासारखी कडक होते, पण ठिसूळही राहते. पुलापेक्षा कडेच्या टवक्यासाठी ती बरी. सांडलेला ग्लू कापसाने पुसू नये, कापसाशी तो इतका तापतो की बोट भाजते. लहान मुलांचे चष्मे आणि कारखान्यातले सुरक्षा चष्मे यांवर हे प्रयोग करू नयेत, कारण तुटका तुकडा थेट डोळ्यापाशी असतो.

वाळलेला सांधा ४००, मग ८०० आणि शेवटी १५०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावत घासावा आणि टूथपेस्टने चमकवावा. भिंगे बसवून चष्मा उघड्या काड्यांसह काचेवर उलटा ठेवावा. दोन्ही कडा आणि दोन्ही काड्या एकाच वेळी टेकल्या तर तो घालावा. एखादी काडी अधांतरी राहिली, तर प्रथम पुलाचा जोड तपासावा, आणि तो सरळ असेल तरच काडी बिजागरीपाशी कोमट करून जराशी वाकवावी.